धोबिणीच्या लेकीची पेनी बँक

नमस्कार मंडळी!

२ नोव्हेंबर १९०३. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड शहर. आज इथे एक नवी बँक उघडतेय, कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी काढलेली. दिवसभरात सुमारे २८० जणांनी मिळून ८,००० डॉलरच्या वर ठेवी ठेवल्या. कुणी शंभराच्या पुढे भरले, कुणी दोन-चार डॉलर. आणि एकाने भरले फक्त ३१ सेंट.

बँकेचं नाव सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक आणि तिच्या अध्यक्ष मॅगी लीना वॉकर. अमेरिकेत बँक स्थापन करून तिचं अध्यक्षपद सांभाळणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्यांची ओळख बहुतेक वेळा एवढ्यावरच संपते. मला मात्र त्या ३१ सेंटांबद्दल बोलायचंय.

कारण या लोकांचे हात आधीच पोळलेले होते. १८६५ साली, गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांसाठी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली होती. लोकांना वाटलं, ही सरकारचीच, ही कशी बुडेल? सैनिकांनी पगार ठेवले, घरकाम करणाऱ्या बायकांनी मजुरी ठेवली. वरच्या मंडळींनी तो पैसा नको तिथे कर्जाऊ दिला, त्यात १८७३ची मंदी आली आणि १८७४ला बँक बंद पडली. ६१,०००च्या आसपास खातेदार, जवळपास ३० लाख डॉलर! पुढे काहींना थोडेफार परत मिळाले, पुष्कळांना छदामही नाही. त्यानंतर कुणी म्हणालं, 'द्या तुमचे पैसे, मी सांभाळते,' तर तुम्ही दिले असते?

मॅगीबाईंना लोकांनी दिले. का दिले, ते त्यांच्या आयुष्यात सापडतं.

त्यांची आई एलिझाबेथ लोकांचे कपडे धुवायची. लहानगी मॅगी ती धुणी घरोघर पोचवायची. पुढे त्या म्हणायच्या की मी तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मले नाही, डोक्यावर धुण्याची टोपली घेऊनच जन्मले. शिकल्या, शिक्षिका झाल्या. १८८६ला लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण विवाहित बाईला शाळेत शिकवायची मुभाच नव्हती. सेंट ल्यूक नावाच्या मंडळाचं काम मात्र त्या किशोरवयापासून करत होत्या. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी भरायची आणि आजारपणात, मयताला मंडळाने मदत करायची, असं ते काम. १८९९ला त्यांनी मंडळाचा कारभार हाती घेतला तेव्हा तिजोरीत होते ३१ डॉलर ६१ सेंट, आणि वर देणी! ते बुडायला आलेलं मंडळ त्यांनी उभं केलं. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९०१च्या भाषणात त्यांनी सभासदांना सांगितलं की आपले पैसे एकत्र आणू, आपल्यातच व्याजाने फिरवू आणि फायदाही आपणच घेऊ. निकेल घेऊन त्याचे डॉलर करणारी बँक काढू. निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं. धुणं धुणाऱ्या बाईच्या हातात तेच असायचं, आणि त्या हातांना ही बाई जन्मापासून ओळखत होती.

सगळंच साधलं असं नाही. १९०५ला त्यांनी सेंट ल्यूक एम्पोरियम हे मोठं दुकान काढलं. कृष्णवर्णीय बायकांना तिथे काउंटरवर मानाची नोकरी मिळाली. गोऱ्या दुकानदारांनी एकजूट करून घाऊक व्यापाऱ्यांवर दबाव आणला, यांना माल देऊ नका म्हणून. पण मॅगीबाईंना जास्त लागलं ते आपलीच माणसं गोऱ्यांच्या दुकानात जातात याचं. वंशद्वेषाच्या सिंहाला मारायचं तर आधी त्याला खाऊ घालणं थांबवा, असं त्या कळवळून सांगत राहिल्या. १९११ला दुकान बंद झालं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

बँक मात्र टिकली. मुलांना त्या बचतीचे छोटे डबे द्यायच्या, डॉलर जमला की खातं उघडायचं. घरासाठी कर्जं दिली, १९२०पर्यंत शेकडो कुटुंबं स्वतःच्या घरात गेली. भाडं भरणाऱ्यांच्या वस्तीत घरमालक तयार झाले!

मग महामंदी आली. देशभर बँका कोसळत असताना ही बँक शहरातल्या इतर कृष्णवर्णीय बँकांमध्ये विलीन होऊन तगली. मॅगीबाई तोवर चाकांच्या खुर्चीत होत्या. त्यांनी घरात लिफ्ट बसवून घेतली आणि संचालक मंडळाच्या अध्यक्ष म्हणून काम चालू ठेवलं. १५ डिसेंबर १९३४ला त्या गेल्या, तेव्हाही रिचमंडमध्ये ती बँक उघडी होती आणि लोक पैसे भरत होते.