जुन्या आउटबोर्ड मोटरीला फ्युएल इंजेक्शन

पडद्यावर दिसते आहे ते मर्क्युरी कंपनीचे अडीच लिटरचे, सहा सिलिंडरांचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मोटर. अमेरिकेतील तळ्यांवर आणि किनाऱ्यांवर अशा मोटरी आजही मोठ्या संख्येने चालतात. समोरच्या बाजूस एकाखाली एक बसवलेले, हवेत पेट्रोल मिसळणारे तीन कार्बोरेटर आहेत आणि प्रत्येकाला दोन मार्ग आहेत. म्हणजे सहाही सिलिंडरांचा हवा-पेट्रोलचा हिशेब स्वतंत्र आहे. हा हिशेब ज्याच्या हाती असतो ते जेट म्हणजे पितळेचा लहानसा स्क्रू, ज्याच्या मधोमध जेमतेम दोन मिलिमीटरचे भोक असते. हंगाम संपून बोट महिनोन्महिने उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे पिवळसर, चिकट थर उरतो. त्या थराने एकच जेट अर्धवट बुजले, तरी त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडते आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने तेलही कमी पडते. उरलेले पाच सिलिंडर बोट ओढत राहतात, आवाजातला फरक चटकन लक्षात येत नाही आणि भरधाव वेगात तो एक पिस्टन वितळतो. अनेक मालक कार्बोरेटर काढून इंजेक्शन, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या इंजेक्टरमधून दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवण्याचा विचार करू लागतात, तो या भीतीपोटी.

या इंजिनाच्या बाबतीत एक सोय आहे. मर्क्युरीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच घराण्यातील मोटरी इंजेक्शनसह विकल्या होत्या, त्यामुळे भंगारात निघालेल्या मोटरीवरून संपूर्ण इनटेक (हवा आत नेणारा भाग), इंजेक्टर आणि वायरिंग मिळू शकते. दुसरा मार्ग म्हणजे मेगास्क्वर्टसारखा स्वतः जुळवता येणारा कंट्रोलर, म्हणजे इंजेक्टर कधी व किती वेळ उघडायचे हे ठरवणारा छोटा संगणक. मार्ग कोणताही निवडला, तरी इंजेक्टर बसवणे हा कामाचा सोपा भाग आहे. कार्बोरेटर जी कामे गाजावाजा न करता उरकत होता, ती आता कोणी करायची, हा खरा प्रश्न आहे.

पहिले काम दाबाचे. जुना डायफ्राम पंप क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या पोकळीतील) दाबाच्या चढउतारावर चालतो आणि फ्लोटची वाटी भरण्यापुरतेच पेट्रोल ढकलतो. इंजेक्टरला मात्र साधारण अडीच ते तीन बार दाब लागतो. मोटारगाडीत जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते, परंतु दाबाखालील पेट्रोलची लांब नळी बोटीच्या पोटातून फिरवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. म्हणून इंजिनाच्या झाकणाखाली व्हेपर सेपरेटर नावाची लहान टाकी बसवतात. जुना पंप तिच्यात पेट्रोल आणून टाकतो, आतला फ्लोट पातळी राखतो, विजेचा पंप तिथून दाब देतो, दाब राखणाऱ्या रेग्युलेटरमधून उरलेले पेट्रोल पुन्हा याच टाकीत येते आणि गरम पेट्रोलची वाफ इनटेककडे सोडली जाते. तिच्याआधी पाणी वेगळे करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर हवाच, कारण समुद्रावर पेट्रोलमध्ये पाणी शिरणे ही नित्याची गोष्ट आहे.

इंजेक्टरची निवड गाडीच्या अंदाजाने करून चालत नाही. मिनिटाला ५,५०० फेऱ्या असताना एक फेरी सुमारे ११ मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीत इंधन लागते. फोर-स्ट्रोकला तेवढ्याच कामासाठी दुप्पट वेळ मिळतो. पूर्ण वेगात २०० अश्वशक्तीची अशी मोटर ताशी सुमारे ७५ लिटर पेट्रोल पिते, तेव्हा थोडी राखीव धरून प्रत्येक इंजेक्टरची क्षमता मिनिटाला २६० घनसेंटिमीटरच्या आसपास असली पाहिजे.

आता या लोखंडी दांड्यांकडे पाहू. जुन्या आउटबोर्डमध्ये थ्रॉटलची (वेग वाढवण्याच्या दांडीची) केबल आधी ठिणगीची वेळ पुढे सरकवते आणि मगच थ्रॉटलची झडप उघडू लागते. तेलाच्या पंपाची दांडीही याच जोडणीला बांधलेली असते. नवीन इनटेक बसवताना ही जोडणी बिघडली, तर मोटर सुरू होईल, पण तेल किती जात आहे याची शाश्वती उरणार नाही. वीज हीसुद्धा दुबळी बाजू आहे. जुन्या मोटरीचे चार्जिंग बेताचेच असते आणि इंधनपंप, इंजेक्टर व कंट्रोलर त्यावर सतत भार टाकतात. नवीन व्होल्टेज रेग्युलेटर, चांगली बॅटरी आणि गंजमुक्त अर्थिंग यांवर काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंधनाचा नकाशा, म्हणजे कोणत्या वेगाला किती पेट्रोल द्यायचे याचा कंट्रोलरमधील तक्ता, तयार करणे मात्र गाडीपेक्षा सोपे आहे. बोटीला वेगानुसार बदलायचे गिअर आणि चढ नसतात. प्रॉपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे थ्रॉटलच्या प्रत्येक स्थितीला साधारण एकच वेग जुळतो. बोट पाण्यावर उचलली जाते ते काही सेकंद मात्र अपवाद असतात, कारण तेव्हा थ्रॉटल उघडलेला आणि फेऱ्या कमी असतात; तिथे पेट्रोल थोडे जास्तच द्यावे. एक्झॉस्टमध्ये न जळलेले मिश्रण येत असल्याने ऑक्सिजन सेन्सरवर विसंबता येत नाही. एक्झॉस्टचे तापमान आणि स्पार्क प्लगचा रंग हेच भरवशाचे मार्गदर्शक ठरतात.

इंजेक्शनमुळे मोटर थंडीत लगेच सुरू होते, कमी वेगात स्थिर चालते आणि सहाही सिलिंडरांना सारखे इंधन मिळते. पेट्रोलची मोठी बचत मात्र अपेक्षू नये. येथेही मिश्रण क्रँककेसमधूनच जाते आणि कार्बोरेटरवाल्या मोटरीप्रमाणेच त्याचा मोठा वाटा न जळता एक्झॉस्टमधून पाण्यात जातो. अमेरिकेतील लेक टाहो या तळ्यावर जून १९९९ मध्ये कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींना बंदी आली, आणि अशा साध्या इंजेक्शनच्या मोटरींना दिलेली सवलतही २००१ मध्ये संपली, ती याच कारणाने. तो तोटा थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणारी यंत्रणाच थांबवते आणि ती जुन्या इंजिनावर घरी बसवता येत नाही.

कोकणात किंवा गोव्यात जुनी आउटबोर्ड वापरणाऱ्यांसाठी यात एक वेगळा मुद्दा आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल वापरताना तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागते. ठरावीक भोकाचे जेट ते आपणहून देऊ शकत नाही. कंट्रोलरमध्ये तो आकडा बदलता येतो. रबरी नळ्या आणि गॅस्केट मात्र इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्या लागतात, आणि त्या इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेल्या असाव्या लागतात; कुठे गळत नाही याची खात्री मोटर पाण्यात उतरवण्यापूर्वी, पंप चालू ठेवून व प्रत्येक सांधा हाताने तपासून करावी लागते.