दहावीच्या निकालाआधीचं एक वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचं आहे ते नववीत असलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांशी. दहावीच्या नव्हे, नववीच्याच. दहावी सुरू झाली की घरात सराव परीक्षा, प्रश्नपत्रिका आणि क्लासच्या वेळा यांपलीकडे दुसरा विषय निघत नाही. मग निकाल लागतो, आणि ज्या निर्णयावर पुढची दहा-बारा वर्षं उभी राहायची तो दोन आठवड्यांत उरकला जातो. शेजारच्या मुलाला किती पडले, मामा काय म्हणाले, गावातली बाकीची मुलं कुठे चालली, यावर तो ठरतो. नव्वदच्या वर गेला तर सायन्स, सत्तरच्या आत राहिला तर आर्ट्स. मुलाला काय जमतं, काय आवडतं आणि त्या आवडीतून पुढे काम काय मिळतं, हे विचारायला कुणालाच सवड नसते. ती सवड नववीत असते. मी माध्यमिक शाळेत शिकवते, आणि दर जूनमध्ये कार्यालयाच्या दारात गोंधळलेले चेहरे पाहते, म्हणून आज हे कळकळीनं सांगते आहे.

पहिली गोष्ट, मुलांना कामं दाखवा. पंधरा वर्षांच्या मुलाला 'तुला काय व्हायचंय?' असं विचारलं तर तो डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस किंवा कलेक्टर यांतलंच एक सांगतो, कारण त्यानं नावं तेवढीच ऐकलेली असतात. आमच्या शाळेत नववीच्या मुलांना आम्ही एक काम देतो. आपल्या गावातल्या, आपल्या नात्यात नसलेल्या माणसाला गाठायचं आणि त्याच्या कामाबद्दल विचारायचं. पगार विचारायचा नाही. 'सकाळी कामावर गेल्यावर पहिलं काय करता? कोणत्या कामाचा कंटाळा येतो? हे कुठे शिकलात, किती वर्षं लागली, फी किती होती?' असं विचारायचं.

एक मुलगी ग्रामीण रुग्णालयातल्या लॅब टेक्निशियन ताईंकडे गेली. रक्ताची बाटली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं, हे तिनं काचेतून पाहिलं. ताईंनी तिला सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाची स्लाइड दाखवली. दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स यांच्याशिवाय इतकी माणसं काम करतात, एक्स-रे, रक्तपेढी, डायलिसिस, औषधभांडार यांची शिक्षणं वेगवेगळी आहेत, हे त्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वर्गात येऊन ती अर्धा तास बोलत होती. एरवी ती प्रश्नाचं उत्तरसुद्धा उभं राहून देत नसे.

आपल्या राज्य शिक्षण मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी, म्हणजे मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे पाहणारी चाचणी, घेतली. कल्पना चांगलीच होती. पण ज्या मुलानं वर्कशॉप पाहिलेलं नाही, प्रयोगशाळेत पाऊल टाकलेलं नाही, तो कागदावरच्या प्रश्नाला उत्तर तरी कशाच्या आधारावर देणार? आधी पाहू द्या, मग कल विचारा.

जवळच्या आयटीआयमध्ये, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, मुलांना एकदा जरूर घेऊन जा. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, बहुतेक तालुक्यांना एक आहेच. फिटर ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षाची मुलं काय करतात ते बघा. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळलेला असतो आणि मुलगा कानस घेऊन तो घासत असतो. तास, दोन तास. मग त्यावर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावतो आणि उजेडाकडे धरतो. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की कोन चुकला, पुन्हा घासायचं. आमची मुलं तिथे उभी राहून पाहत होती. गणितात कायम मागे असलेला एक मुलगा पुढे झाला, निदेशकांना, म्हणजे तिथल्या शिक्षकांना, विचारून त्यानं कानस हातात घेतली आणि घासायला लागला. निदेशक म्हणाले, 'याच्या हाताला वळण आहे.' नव्वद अंशाचा कोन म्हणजे काय, हे त्या मुलाला माझ्या फळ्यावरून जितकं कळलं नव्हतं तितकं त्या तुकड्यावरून कळलं.

आयटीआय म्हणजे नापासांची जागा, ही समजूत आपण मनातून काढून टाकली पाहिजे. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर एक वर्षाचा. त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन अप्रेंटिसशिप करता येते. आणि ज्याला पुढे शिकायचंय त्याची वाट तिथे संपत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि हातानं काम करणारा मुलगा पुस्तकही शिकू शकतो हे वसतिगृहांतून दाखवून दिलं. 'कमवा आणि शिका' या योजनेवर शिकलेली माणसं आज सगळ्या क्षेत्रांत आहेत. त्या मातीत राहून आपण हातकामाला कमी लेखावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता वाटांबद्दल. कोणतं दार कुठे उघडतं हे सगळे सांगतात. कोणतं दार कुठे बंद होतं, ते फार कमी लोक सांगतात. अकरावी सायन्सला गणित सोडलं की इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं. जीवशास्त्र सोडलं की एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद आणि पशुवैद्यक गेलं. फार्मसी आणि कृषी पदवीला दोन्ही गटांतून जाता येतं. दोन्ही विषय घेऊन अकरावी करता येते, पण तो भार पेलणारं मूल आहे का, हे आधी पाहा. 'दोन्ही ठेवू, मग बघू' असं म्हणून कित्येक मुलं दोन्हीकडे अर्धवट राहतात. मूल ठाम नसेल आणि अभ्यासात बरं असेल तर गोष्ट वेगळी.

इंजिनिअरिंगचीच ओढ असेल तर दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा हा साध्या घरातल्या मुलासाठी मला फार चांगला मार्ग वाटतो. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा, नाही. तिसऱ्या वर्षाअखेर मूल अठरा-एकोणीस वर्षांचं असतं आणि त्याच्या हातात नोकरीला चालणारा कागद असतो. पुढे पदवीला जायचं तर जा, नाही तर काम करा. बारावी सायन्स करून सीईटी जमली नाही, तर हातात फक्त बारावी उरते.

कॉमर्सबद्दल थोडंच सांगते. सीएची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर देता येते, आणि ती कोणत्याही शाखेचा मुलगा देऊ शकतो. आर्ट्सला गेलेल्या मुलासाठी पाच वर्षांचं लॉ आहे, पत्रकारिता आहे, हॉटेल मॅनेजमेंट आहे, शिक्षकी पेशा आहे, आणि पदवीनंतर एमपीएससी-यूपीएससीला शाखेची अट नाही. लष्करात जायची आवड असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, आर्मी विंगला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर सगळ्यांनाच असतो. म्हणजे आर्ट्सला गेलात तरी गणित सोडू नका. छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, तिथे दहावीनंतर निवड होऊन मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे.

आता कागदपत्रं. हा विषय रुक्ष वाटेल, पण हुशार मुलांच्या हातून जागा जातात त्या इथे. राखीव प्रवर्गातल्या मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करायचा असतो. आणि जात पडताळणी समितीपुढे जुने पुरावे ठेवायचे असतात. किती जुने? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचे. म्हणजे मुलाच्या आजोबांचा किंवा पणजोबांचा पुरावा. तो बहुधा जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमध्ये असतो. त्याचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदीची नक्कल, काढावा लागतो. रजिस्टर फाटलेलं असतं, शाळा दुसऱ्या इमारतीत गेलेली असते, आजोबांचं नाव तिथे 'रामा' असतं आणि बाकी सगळीकडे 'रामचंद्र'. अशा वेळी धावपळ करायला वर्ष हवं, आठवडा पुरत नाही. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर काम पुष्कळ सोपं होतं, म्हणून काका-चुलत्यांना आजच विचारा.

आणि मुलाचं स्वतःचं नाव, जन्मतारीख, जात शाळेच्या रजिस्टरमध्ये कशी लिहिली आहे, ते नववीतच शाळेत येऊन डोळ्यांनी पाहा. आधार कार्डाशी ताडून पाहा. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो. दाखला घेऊन बाहेर पडलं की तीच दुरुस्ती फार जड जाते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि राखीव प्रवर्गातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा नॉन क्रिमीलेयर दाखला, हे सेतू केंद्रातून मिळतात. पण निकाल लागल्यावर तिथे इतकी गर्दी होते की दाखला हातात पडायला कित्येक दिवस लागतात. नॉन क्रिमीलेयरची मुदत मात्र संपलेली नाही ना, ते तपासत राहा.

पैशाची काळजी तर प्रत्येक घरात असते. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण नीट ऐका, ही सवलत शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तरच. ओळखीनं मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ती जाते. ज्यांचं मूल आठवीत आहे त्यांनी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नये. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, त्यात निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात.

अकरावीत काय होतं, तेही आधी माहीत असू द्या. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला पहिले तीन महिने जड जातात. दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवलेला मुलगा पहिल्या चाचणीत काठावर पास होतो आणि घरी कुणाला सांगत नाही. त्याची बुद्धी कमी झालेली नसते. अभ्यासक्रमाची उडी मोठी असते आणि भाषा बदललेली असते. परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत नववी-दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक रोज दोन पानं मोठ्यानं वाचलं, आकृत्यांना इंग्रजीत नावं दिली, तरी ती उडी निम्मी होते. आणि त्या पहिल्या चाचणीनंतर मुलावर चिडू नका. नेमकं त्याच वेळी त्याला तुमची गरज असते.

क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घर सोडून दूरच्या शहरात क्लाससाठी जायचं की नाही, हे मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नका. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये, असं केंद्र सरकारनं जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे, ते उगाच नाही. कॉलेजात नाव, आणि दिवसभर क्लासमध्ये, अशी दोन वर्षं काढलेली मुलं कधी प्रयोगशाळेत उभी राहिलेली नसतात. शिवाय सीईटीत गुण भरपूर पडले तरी इंजिनिअरिंगला बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि जोडीचा तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतातच. बारावी वाऱ्यावर सोडून चालत नाही.

शेवटी, ज्या घरात निकाल वाईट लागेल त्या घराशी बोलते. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. जास्त राहिले तर पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच होते, वर्ष वाया जात नाही. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही आयटीआयचा प्रवेश आहे. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेमार्फतच भरायचा असतो आणि त्याची मुदत फार थोडी असते. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मुलाला बरोबर घेऊन शाळेत या. एकट्याला पाठवू नका, तो दारातून परत जातो. आईनं यावं, वडिलांनी यावं, मोठ्या बहिणीनं आलं तरी चालेल. फॉर्म कसा भरायचा, कोणता विषय कुणाकडे करायचा, ते आम्ही शिक्षक बसून ठरवू.

नमस्कार.