एका शब्दाची वीज

(पडद्यावर : उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे, खाली पसरलेल्या बिनखिडक्यांच्या इमारती)

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा उत्तर भाग. १० जुलै २०२४ची संध्याकाळ. २३० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवरचा सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोट जमिनीत सोडून देणारं उपकरण, निकामी होतो. दोष आला की वाहिनी क्षणभर तुटते आणि आपोआप पुन्हा जोडली जाते, अशी व्यवस्था असते. पण हा दोष जागचा हलणारा नव्हता. ८२ सेकंदांत सहा वेळा व्होल्टेज पडलं, सहा वेळा सावरलं.

या परिसरात डेटा सेंटरं, म्हणजे हजारो संगणक एका छताखाली चालवणाऱ्या इमारती, दाटीवाटीने उभी आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणच्या यूपीएसला, म्हणजे वीज अडखळली की बॅटरीने सांभाळून घेणाऱ्या उपकरणाला, आधीच सांगून ठेवलेलं असतं : मिनिटभरात तीनदा व्होल्टेज पडलं, तर ग्रिडचा, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याचा, नाद सोड आणि आपल्या जनित्रांवर जा. त्या संध्याकाळी यूपीएसने नेमकं तेच केलं. जवळपास साठ डेटा सेंटरं एका दमात ग्रिडवरून उतरली. १,५०० मेगावॅटची मागणी बघता बघता नाहीशी झाली.

वीज कमी पडली की अंधार होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वीज घेणारं कुणी उरलं नाही तरी ग्रिड अडचणीत येतो. व्होल्टेज आणि वारंवारता दोन्ही चढतात. नियंत्रण कक्षातल्या माणसांनी त्या दिवशी ती खाली आणली, मोठा अनर्थ झाला नाही. पण हे ग्राहक आता इतके मोठे झालेत की त्यांचं येणं-जाणं एखादं वीज केंद्र सुरू किंवा बंद होण्याइतकं जड पडतं, हे तिथे पहिल्यांदा इतकं लख्ख दिसलं.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगभरातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या साधारण दीड टक्का. २०३०पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटच्या आसपास जाईल असा संस्थेचा अंदाज आहे. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ही मागणी जगभर सारखी पसरलेली नाही, ती मोजक्या ठिकाणी साचते. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के एकट्या डेटा सेंटरांनी घेतली. त्या देशातल्या शहरांमधल्या सगळ्या घरांनी मिळून घेतली त्यापेक्षा जास्त.

ही वीज नेमकी जाते कुठे? त्यासाठी आपल्याला चिपच्या आत जावं लागेल.

(पडद्यावर : चिपचं सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य)

समजा, ७० अब्ज पॅरामीटरचं एक भाषा-मॉडेल, म्हणजे प्रश्नांना लेखी उत्तरं देणारं एआय, आहे. पॅरामीटर म्हणजे मॉडेल जे काही शिकलं ते साठवणारे आकडे. प्रत्येक आकडा १६ बिटांचा धरला, तर सगळे मिळून १४० गिगाबाइट होतात. मॉडेल उत्तर लिहितं ते तुकड्यातुकड्याने, शब्दामागून शब्द. आणि दर शब्दाला, किंवा शब्दाच्या तुकड्याला, हे सगळेच्या सगळे आकडे मेमरीतून उचलून गणित करणाऱ्या भागापर्यंत आणावे लागतात. पुढच्या शब्दाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याला पुन्हा.

गणित स्वस्त आहे, ने-आण महाग आहे. स्टॅनफर्डचे मार्क हॉरोविट्झ यांनी २०१४मध्ये याचे आकडे मांडले होते. ४५ नॅनोमीटरच्या चिपवर दोन दशांश संख्यांची बेरीज करायला सुमारे ०.९ पिकोज्यूल ऊर्जा लागते. तेवढीच एक संख्या चिपबाहेरच्या मेमरीतून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. जवळजवळ सातशे पट! तेव्हापासून चिपा बारीक झाल्या, आकडे बदलले, पण ही दरी बुजलेली नाही.

मला विचाराल तर एआयच्या विजेची सगळी गोष्ट या सातशेमध्ये आहे. गेल्या दहा वर्षांत या क्षेत्रात जे काही खरोखर नवं घडलं, ते बहुतेक या ना त्या मार्गाने आकड्यांचा प्रवास कमी करण्यासाठी घडलं.

गूगलने २०१५पासून आपल्या डेटा सेंटरांमध्ये टीपीयू नावाची चिप वापरायला घेतली. तिच्या पोटात २५६ आडव्या ओळी आणि २५६ उभ्या रांगांची जाळी होती, म्हणजे ६५,५३६ छोटे गुणाकार-यंत्र. आकडा एकदा आत शिरला की एका यंत्राकडून शेजारच्याकडे, तिथून पुढच्याकडे सरकत जातो. दर वेळी मेमरीकडे परत जायचं कारणच उरत नाही. ही कल्पना मुळात एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायसरसन यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी मांडली होती. तिला तिचं खरं काम मिळायला साडेतीन दशकं जावी लागली.

दुसरी वाट आकडेच लहान करण्याची. १६ बिटांऐवजी ४ बिटांत आकडा बसवला की आपलं १४० गिगाबाइटचं मॉडेल ३५ गिगाबाइटवर येतं. थोडी अचूकता जाते, पण नीट केलं तर ती बहुतेक कामांत जाणवतही नाही.

तिसरी वाट : सगळ्यांना कामाला जुंपायचंच नाही. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या डीपसीक-व्ही३ या मॉडेलमध्ये एकूण ६७१ अब्ज पॅरामीटर आहेत, पण एका वेळी त्यातले फक्त ३७ अब्ज जागे होतात. आतमध्ये तज्ज्ञांचे गट असतात, आणि आलेला शब्द कोणाकडे पाठवायचा हे मॉडेलच ठरवतं.

चौथी वाट मला सगळ्यात देखणी वाटते. एक छोटं मॉडेल पुढच्या चार-पाच शब्दांचा अंदाज बांधतं. मग मोठं मॉडेल ते सगळे शब्द एकाच फेरीत तपासतं, बरोबर तेवढे ठेवतं आणि चुकीपासून पुढचे टाकून देतं. मोठ्या मॉडेलचे आकडे एकदाच उचलले जातात, शब्द मात्र तीन-चार मिळतात. उत्तराचा दर्जा तसूभरही उतरत नाही, कारण शेवटचा शब्द मोठ्या मॉडेलचाच असतो. यासाठी नवी चिप लागली नाही, नवं वीज केंद्र लागलं नाही. काम कुठे वाया जातंय ते कुणीतरी नीट पाहिलं, इतकंच.

आणि काहींनी मुळावरच घाव घातला. मेमरी आणि गणित वेगळं ठेवायचंच कशाला? आयबीएममध्ये धर्मेंद्र मोधा यांच्या गटाने २०२३मध्ये नॉर्थपोल ही चिप मांडली. तिच्या २५६ गाभ्यांपैकी प्रत्येकाला स्वतःची मेमरी आहे, बाहेर जायची गरजच नाही. चित्र ओळखण्याच्या एका प्रमाणित चाचणीत, त्याच तंत्राने बनलेल्या जीपीयूच्या, म्हणजे एआयसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिपच्या, तुलनेत तिने ऊर्जेत २५ पट सरस काम केलं. अडचण अशी की चिपवर मावेल तेवढीच मेमरी मिळते. तीन अब्ज पॅरामीटरचं, आजच्या मानाने लहानसं मॉडेल चालवायलाही सोळा कार्डांवर वाटून ठेवावं लागलं. रस्ता बरोबर आहे, पण अजून लांबचा आहे.

(पडद्यावर : सर्व्हरचा रॅक, मागच्या बाजूची तांब्याची केबल आणि पाण्याच्या नळ्या)

तोवर बाजारात जे चालतं ते हे. एनव्हिडियाचा जीबी२०० रॅक. यात ७२ जीपीयू आहेत, आणि ते एकमेकांशी बोलतात ते पाच हजारांहून जास्त तांब्याच्या केबलींमधून. हा एकटा रॅक सुमारे १२० किलोवॅट वीज घेतो. एवढी उष्णता पंख्यांनी निघत नाही, म्हणून थेट चिपवर बसवलेल्या पट्ट्यांमधून द्रव फिरवावा लागतो.

पुढची पायरी एक मेगावॅटच्या रॅकची आहे, आणि तिथे शाळेतलं भौतिकशास्त्र आडवं येतं. आजच्या रॅकमध्ये वीज ५४ व्होल्टवर फिरते. एक मेगावॅट भागिले ५४ करा : साडेअठरा हजार अँपिअर. एवढा प्रवाह वाहायला एका रॅकमध्ये २०० किलोपर्यंत तांब्याच्या पट्ट्या लागतील, असं एनव्हिडियाच सांगते. म्हणून २०२७पासून ८०० व्होल्टच्या डीसी पुरवठ्याकडे जायचं ठरतंय. प्रवाह साडेबाराशे अँपिअरवर येतो, तारा बारीक होतात, एसीचं डीसी करण्याच्या पायऱ्या कमी होतात आणि दर पायरीला गळणारी ऊर्जा वाचते.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. मॉडेल शिकत असताना हजारो जीपीयू एका तालात चालतात. मेटाने लामा ३चं सगळ्यात मोठं मॉडेल १६,३८४ जीपीयूंवर शिकवलं. सगळे एकदम गणित करतात, मग सगळे एकदम थांबून एकमेकांच्या निरोपाची वाट पाहतात. मेटाच्या अभियंत्यांनी लिहून ठेवलंय की यामुळे डेटा सेंटरची मागणी क्षणार्धात दहादहा मेगावॅटनी वरखाली व्हायची. ग्रिडच्या दृष्टीने असा ग्राहक म्हणजे डोकेदुखी. आता रॅकमध्येच ऊर्जा साठवून हे हेलकावे गिळण्याची सोय केली जातेय.

(पडद्यावर : नदीतलं बेट, शीतकरणाचे मनोरे)

वीज येणार कुठून, या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या या बेटावर आहे. थ्री माइल आयलंड. १९७९मध्ये इथल्या दुसऱ्या अणुभट्टीत अपघात झाला. पहिली अणुभट्टी मात्र २०१९पर्यंत सुरळीत चालली आणि परवडेना म्हणून बंद झाली. सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने तिची वीज वीस वर्षं विकत घेण्याचा करार केला. ८३५ मेगावॅट. पुढच्याच महिन्यात गूगलने कैरोस पॉवरशी छोट्या अणुभट्ट्यांसाठी करार केला. त्यांना पाण्याऐवजी वितळलेलं क्षार थंड ठेवेल, आणि पहिली २०३०पर्यंत उभी राहावी असं ठरलंय.

हे करार मला महत्त्वाचे वाटतात, पण आजचा प्रश्न ते सोडवत नाहीत. डेटा सेंटर दोन-तीन वर्षांत उभं राहतं. अणुभट्टीला आणि नव्या उच्चदाब वाहिनीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मधल्या काळात भर पडते ती बरीचशी नैसर्गिक वायूवरच्या टर्बाइनची, कधी कधी तर डेटा सेंटरच्या अंगणातच. तो धूर शेजारच्या वस्तीत जातो.

बिलाचंही तसंच. पीजेएम ही अमेरिकेतल्या तेरा राज्यांना वीज पोचवणारी ग्रिड संस्था. पुढची गरज भागवायला क्षमता राखून ठेवण्याचा तिथला लिलाव-दर जुलै २०२४मध्ये मेगावॅटमागे दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलरवर गेला. जुनी केंद्रं बंद होणं, मोजणीचे नियम बदलणं अशी इतर कारणंही होती, पण डेटा सेंटरांची वाढणारी मागणी त्यात ठळक होती. हा भार शेवटी सामान्य घरांच्या बिलात उतरतो, आणि त्या घरांना कुणी विचारलेलं नसतं. हे मला मान्य नाही. ज्याच्यासाठी वाहिनी टाकायची, तिचा खर्च त्याने उचलावा.

म्हणूनच मला अणुभट्टीपेक्षाही आशा वाटते ती एका साध्या प्रयोगाची. २०२५च्या मे महिन्यात ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये २५६ जीपीयूंच्या एका समूहाने ग्रिडवर ताण असताना तीन तास आपला वापर २५ टक्क्यांनी खाली आणला. हे करणारं सॉफ्टवेअर एमराल्ड एआय या कंपनीचं. युक्ती सोपी : ज्या कामाला घाई नाही, म्हणजे मॉडेल शिकवणं, साठलेल्या मजकुराची छाननी, ते जरा मंदावायचं. समोर माणूस उत्तराची वाट पाहतोय ते काम तसंच चालू ठेवायचं.

याचं मोल केवढं आहे ते ड्यूक विद्यापीठाच्या २०२५च्या अभ्यासात दिसतं. नव्या मोठ्या ग्राहकांनी वर्षभरातल्या आपल्या कमाल वापराच्या फक्त पाव टक्का वीज, गरज पडेल तेव्हा, सोडायची तयारी ठेवली तर अमेरिकेच्या आहे त्याच ग्रिडवर सुमारे ७६ गिगावॅटचे नवे ग्राहक सामावू शकतात. ग्रिड बांधलेला असतो वर्षातल्या सगळ्यात कठीण काही तासांसाठी. उरलेला वेळ त्यात जागा असते. पण यासाठी डेटा सेंटरने ‘मला चोवीस तास पूर्ण वीज हवीच’ हा हट्ट सोडायला हवा. एआयचं काम हा हट्ट सोडू शकतं, कारण त्यातलं बरंचसं पुढेमागे सरकवता येतं. इस्पितळाचं काम नाही सरकवता येत.

कार्यक्षमता वाढतेय यात शंका नाही. गूगलने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलं की आपल्या जेमिनी या एआयला विचारलेले लेखी प्रश्न विजेच्या क्रमाने लावले, तर बरोबर मधल्या प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज लागते, आणि वर्षभरात हा खर्च ३३ पटींनी उतरला. आकडा समाधानकारक आहे. मात्र तो एका प्रश्नाचा आहे. दरम्यान प्रश्नांची जातच बदलली. आता मॉडेल उत्तर देण्याआधी मनातल्या मनात हजारो शब्द विचार करतं. एआय एजंटला एक काम सांगितलं की तो स्वतःच पन्नास वेळा मॉडेलला हाक मारतो. कोळशाच्या बाबतीत विल्यम जेव्हन्स यांनी १८६५मध्ये दाखवलं होतं की इंजिनं काटकसरी झाली की कोळसा वाचत नाही, त्याचा वापर वाढतो. विजेचा एकूण आकडा त्याच दिशेने चाललाय.

त्यामुळे एका प्रश्नाचा आकडा कळून भागणार नाही. कुठल्या इमारतीने, कुठल्या महिन्यात, किती वीज आणि किती पाणी घेतलं, हे कळायला हवं. युरोपीय संघाने ५०० किलोवॅटपासून वरच्या डेटा सेंटरांना आपला वापर कळवणं बंधनकारक केलंय, पहिली मुदत १५ सप्टेंबर २०२४ची होती. तिथेही इमारतवार आकडे लोकांसमोर येत नाहीत, फक्त देशवार बेरजा येतात. पुढचं पाऊल तेच हवं : इमारतीचं नाव आणि तिच्यासमोर तिचा मीटर.