काशाची वाटी आणि ऐकण्याचा अभ्यास

(वेंगुर्ल्यात योगसाधकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर ठेवलेल्या या वाटीला बाजारात सिंगिंग बाऊल म्हणतात. पण तुमच्यापैकी अनेकींच्या माळ्यावर हिची बहीण पडून असेल. लहानपणी डोळ्यांची आग होत असली की माझी आई तळपायाला तूप लावून काशाची वाटी घाशीत बसायची. ही वाटीही त्याच काशाची. शंभर भागांत साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील. देवळातली घंटा आणि नामसप्ताहातली झांज यांचं कूळ थोड्याफार फरकाने हेच. ‘सात धातूंची वाटी’ म्हणून कुणी दुप्पट पैसे मागितले तर देऊ नका. जुन्या वाट्या तपासल्या तेव्हा त्यांत मुख्यतः तांबं आणि कथीलच निघालं, बाकीचे धातू नावापुरते.

कथिलामुळे तांबं कडक होतं. कडक धातूत कंप लवकर जिरत नाही, म्हणून नाद लांबतो. तडा गेला की तीच वाटी बद्द वाजते. आता नीट ऐका. (वाटी वाजवतात.) आवाज हेलकावे घेतोय ना, आपल्या किनाऱ्यावरच्या पाण्यासारखा? हाताने ठोकून घडवलेली वाटी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. म्हणून तिच्यातून जवळजवळचे दोन स्वर एकदम निघतात. एक सेकंदाला 200 कंपनांचा आणि दुसरा 203 कंपनांचा असला, तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. त्यात गूढ काही नाही, आणि तरी मला ते दर वेळी सुंदर वाटतं.

आता योगाकडे येतो. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाचा चौथा उपदेश, म्हणजे चौथं प्रकरण, नादानुसंधानावर आहे, म्हणजे आतल्या नादावर मन लावण्यावर. कान बंद करून बसलेल्या साधकाला आत काय काय ऐकू येतं, त्याचा क्रम तिथे दिलाय. सुरुवातीला समुद्र, मेघ, भेरी म्हणजे मोठा नगारा. मग मर्दल हे मृदंगासारखं वाद्य, शंख, घंटा. शेवटी किंकिणी म्हणजे बारीक घुंगरं, बासरी, वीणा आणि भुंगा. पहिलं नाव समुद्राचं! हे इथे बसून वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. क्रम ठळक आवाजाकडून सूक्ष्माकडे जातो. हा सगळा आतला नाद आहे, वाटीचा नाद बाहेरचा. म्हणून वाटी हे साध्य नाही. बारीक होत जाणाऱ्या आवाजामागे मन किती वेळ जातं, याचा सराव ती देते. मला आज सांगायचं आहे ते एवढंच.

त्यामुळे आसनं चालू असताना मी ती वाजवत नाही. सूर्यनमस्कारात कान श्वासाकडे हवा. शवासनात सगळे स्थिर झाले की एक टोला, आणि तो पूर्ण विरेपर्यंत दुसरा नाही. आधी वरचे पातळ स्वर जातात, खालचा भरदार स्वर सर्वांत शेवटी. ओंकाराला मात्र मला तंबोराच हवा. घरी नसेल तर मोबाइलवरचा चालेल.

आणि विकत काही न घेता मिळणारं वाद्य म्हणजे भ्रामरी, भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याचा प्राणायाम. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं, की नुसत्या उच्छ्वासापेक्षा गुणगुणताना नाकातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुमारे 15 पट बाहेर येतो. म्हणजे गुणगुणण्याने नाकाच्या पोकळ्यांतली हवा जोरात खेळते. त्यावरून ‘भ्रामरीने अमुक रोग बरा’ असं म्हणणं मला पटत नाही. वाट्यांवरही अमेरिकेत 62 जणांचा एक अभ्यास झाला. ऐकल्यानंतर त्यांना ताण आणि थकवा कमी जाणवला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. नुसतं तासभर शांत पडूनही तेवढंच बरं वाटलं असतं का, ते त्यातून कळत नाही. गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा, हे मी हात जोडून सांगतो.

एक चूक माझ्याकडून झाली आहे. एकदा शवासनात मी पूर्वसूचना न देता मोठा गाँग, म्हणजे टांगलेली धातूची मोठी थाळी, वाजवला. एक ताई दचकून उठल्या आणि रडू लागल्या. विश्रांतीसाठी आलेल्या माणसाला मी घाबरवलं, हे मला आजही लागून राहिलंय. तेव्हापासून मी आधी विचारतो: कानात सतत आवाज येतो का, फिट येते का, पेसमेकर आहे का, दिवस गेलेत का? ‘हो’ म्हणणाऱ्याच्या अंगावर मी वाटी ठेवत नाही. आधी डॉक्टरांना विचारायला सांगतो, आणि अशा साधकांना वर्गात मागे, दाराजवळ जागा देतो.

चला, आता पंखे बंद करू. खिडक्या उघड्याच राहू देत, समुद्र ऐकू आला तर येऊ दे. डोळे मिटा. मी एकदाच वाजवणार आहे. आवाज संपला असं वाटेल त्या क्षणी हात वर करा. शेजाऱ्याचा हात बघू नका, प्रत्येकाचा वेगळ्या वेळी वर जाईल.