गाण्याची सुरुवात कापू नका

नमस्कार मंडळी. पत्रिकेत 'व्यायामवर्गासाठी आफ्रिकन पॉप : ठेका आणि वेग' असा विषय छापलाय. वेगावर मी बोलणारच आहे, पण आधी काँगोची राजधानी किन्शासाला जाऊन येऊ. तुम्ही बहुतेक जण वर्ग घेता, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचं 'जेरुसालेमा' हे गाणं तुम्ही वाजवलेलं असणारच. २०२० साली अंगोलातल्या एका गटाने हातात जेवणाच्या ताटल्या घेऊन, खात खात त्यावर नाच केला आणि जगभर लोक तीच पावलं टाकू लागले. पोटात अन्न जात असताना नाचायला लावणारं संगीत, विचार करा!

माझा जीव मात्र काँगोच्या गाण्यात अडकलाय. तिथलं जुन्या घडणीचं गाणं सहसा दोन भागांत चालतं. आधी संथ रुंबा, गायक निवांतपणे प्रेमाचं, भांडणाचं सांगत असतो. मग गाणं वळण घेतं, शब्द मागे पडतात आणि गिटारी पुढे येतात. या दुसऱ्या भागाला 'सेबेन' म्हणतात. एक गिटार ठेका धरते, एक वर खेळते आणि मधली, तिला 'मी-सोलो' म्हणतात, ती दोघींना बांधून ठेवते. छोटीशी ओळ फिरून फिरून येते आणि पाय आपोआप उचलले जातात.

१९६९ साली सुरू झालेल्या झाइको लांगा लांगा या बँडने तर ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची ब्रासची वाद्यं बाजूला ठेवली आणि गिटार-ड्रमवर सगळा भार टाकला. त्यांच्या मेरिजो नावाच्या ड्रमरने आगगाडीच्या आवाजावरून 'कावाशा' हा ठेका बांधला, असं सांगतात. ऐका एकदा, खरंच रुळांवरून गेल्यासारखा पळतो. पुढे १९८०च्या दशकात त्यांनीच 'अटालाकू' मंचावर आणला. याचं काम एकच : सेबेन सुरू झालं की आरोळ्या देऊन नाचणाऱ्यांना चेतवायचं. आपण वर्गात 'अजून चार, सोडू नका' म्हणून ओरडतो ना, तेच काम तिथे बँडमधल्या माणसाला दिलेलं आहे.

आता माझी तक्रार. एका जिममध्ये अशाच गाण्याचा पहिला भाग कापून थेट सेबेनपासून वाजवलं गेलं, वर प्रत्येक मात्रेवर जाड ठोका चढवलेला. गिटारींची सगळी गुंफण त्या ठोक्याखाली गाडली गेली. समोर पन्नाशीतल्या बायका, सांधे अजून थंड, आणि पहिल्याच मिनिटाला उड्या! मला फार वाईट वाटलं. लेझीम कोणी थेट द्रुत लयीत सुरू करतं का? हलगी आधी अंग जागं करते, मग चढते. काँगोच्या वादकांनीही ती चढण गाण्यातच बांधून दिलीय. २०२१ साली युनेस्कोने काँगोच्या रुंबाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि आपण त्याची सुरुवात कात्रीने उडवतो.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा ठरलेला विषय भरभर सांगते. ब्रुनेल विद्यापीठात कॉस्टास कारागेऑर्गिस यांनी संगीत आणि व्यायामावर बरीच वर्षं काम केलं. पावलं ठेक्याशी जुळली की तेच काम कमी ऑक्सिजनमध्ये होऊ शकतं, आणि मध्यम जोराच्या व्यायामात थकवाही कमी जाणवतो. अगदी दम लागेपर्यंतच्या व्यायामात हा थकव्यावरचा परिणाम घटतो. म्हणून शेवटच्या जोरकस टप्प्यात केवळ गाण्याच्या भरवशावर लोकांना ताणू नका.

वॉर्म-अपला दक्षिण आफ्रिकेचं अमापियानो घ्या. मिनिटाला साधारण ११२ ठोके, खोल बास, खांदे आणि कंबर मोकळी होते. मधल्या भागात पूर्ण काँगोली गाणं : रुंबात बाजूला पावलं आणि हात, सेबेन आलं की गुडघे वर. जोर वाढवायचा तर अंगोलाचं कुदुरो, ते १३०-१४०च्या घरात पळतं, पण तरुण वर्गातच. शेवटी पुन्हा संथ रुंबा, श्वास उतरेपर्यंत.

ज्येष्ठांच्या वर्गात गाणं बदलू नका, मोजणी बदला. सेबेनमध्ये दर दोन मात्रांना एक पाऊल टाकायला सांगा. खुर्चीत बसून करणाऱ्यांनी त्याच मोजणीवर टाचा उचलायच्या.