ओटा छोटा, पसारा मोठा

श्रोते हो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या परळच्या घरात रोजची एक कुरकुर सुरू झाली. घरचा संगणक २०१४ साली जुळवून घेतलेला. नात बारावीला. तिनं एकीकडे ऑनलाइन क्लास लावायचा, दुसरीकडे दहा-पंधरा टॅब उघडायचे, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. "आजोबा, तुमचा डबा परत झोपला!" मजल्यावरच्या सगळ्या जाणकारांचं निदान एकच: रॅम, म्हणजे संगणकाची कामापुरती स्मृती, वाढवा.

मी छत्री उचलली आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय खरं, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर कुणाला ते नाव विचारून बघा! दुकानात ही गर्दी. मुलानं विचारलं, "काका, डीडीआर थ्री की फोर?" आता मला काय ठाऊक? मागचा माणूस ढोसत होता. मी म्हटलं, "नवी असेल ती दे, आठ जीबीची." त्यानं डीडीआर फोर दिली. त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

घरी डबा उघडला तर दोन गोष्टी कळल्या. आत रॅमचे स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायची घरं, दोनच, आणि दोन्ही भरलेले, दोन-दोन जीबीच्या पट्ट्यांनी. म्हणजे आहे त्यात भर घालायला जागाच नव्हती. जुनी पट्टी काढून नवी लावू म्हटलं, तर ती बसेचना. नशीब, मी जोर लावला नाही.

या पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. ती शोभेची नाही. डीडीआर थ्री, फोर, फाइव्ह या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या. थ्रीला २४० पिना, डीडीआर फोर आणि फाइव्ह दोघींना २८८, पण तिघींची खाच वेगवेगळ्या जागी. कारण विजेचं आहे. थ्री दीड व्होल्टवर चालते, फोर १.२ वर आणि फाइव्ह १.१ वर. चुकीची पट्टी चुकीच्या घरात शिरूच नये, म्हणून ही खाच. लॅपटॉपची पट्टी तर लांबीला जेमतेम निम्मी, आणि बऱ्याच सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते. तिथं वाढवायचा प्रश्नच मिटला.

आता ही रॅम करते काय? आपल्या मुंबईच्या स्वयंपाकघरातला ओटा आठवा. माळ्यावर डबे कितीही असोत, काम करायला जागा ओट्यावरचीच. ओटा भरला की आपण कढई खिडकीत ठेवतो, परात जमिनीवर, आणि दर वेळी वाकून उचलतो. संगणकही तेच करतो. रॅम भरली की सामान हार्ड डिस्कवर ठेवतो, लागलं की पुन्हा उचलतो. तो बाण थिजतो, तेव्हा त्याचं हे वाकणं-उचलणं चाललेलं असतं.

आणि हा ओटा मोठा विलक्षण आहे बरं का. एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची इवलीशी कळ, आणि विजेचा थेंब साठवणारा एक कपॅसिटर, एवढ्यात एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा कण, मावतो. आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं. पण हे कपॅसिटर म्हणजे गळक्या बादल्या! साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, एकूण एक बादली पुन्हा भरावी लागते. म्हणून तर वीज गेली की न साठवलेलं पत्र गेलं.

मी आधी करायला हवं होतं आणि नंतर केलं, ते तुम्हाला सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, या तीन कळा एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी, म्हणजे हीच रॅम. मात्र हे रिकाम्या संगणकावर बघू नका. सगळा रोजचा पसारा मांडा आणि मग बघा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर ओटा खरंच अपुरा आहे. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र शंभर टक्के कामात गुंतलेली, असं दिसलं तर रॅमवर पैसे घालू नका, एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घ्या. स्लॉट किती वापरात आहेत, तेही तिथंच लिहिलेलं असतं. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीपलीकडची रॅम घालून उपयोग नाही, हेही तपासा.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या पट्टीवरच्या लेबलाचा फोटो काढून नेला. त्यावर पीसी थ्री असं होतं. तीच डीडीआर थ्रीची खूण. पक्कं बिल होतं, म्हणून दुकानानं कुरकुर न करता चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या बदलून दिल्या.

बसवणं तसं सोपं. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. आपल्या दमट हवेत ती कमी साठते, पण तीच दमट हवा पट्टीच्या सोनेरी कडा काळवंडवते. त्यावर शाळेतलं खोडरबर हळुवार फिरवायचं आणि भुसा झटकायचा. कधी कधी एवढ्यानंच बंद पडलेला संगणक सुरू होतो.

मी पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. पडदा काळा आणि डब्यातून बीप, बीप. छातीत धस्स झालं. नात म्हणाली, "आजोबा, ही एका बाजूनं वर आहे." खरंच होती. बंद करून, प्लग काढून दोन्ही टोकं दाबली, खट्ट आवाज आला, आणि विंडोज उघडलं. क्लास थिजायचा थांबला. संगणक सुरू व्हायला मात्र अजूनही चहा उकळेपर्यंत वेळ लागतो, तो दोष जुन्या हार्ड डिस्कचा. एसएसडी घालता येईल, पण यावरच्या विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे कंपनीकडून मिळणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत हे यंत्र बसत नाही. त्यातून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप उचलायचा सपाटा लावल्यापासून रॅमचे भावही चढलेत. तेव्हा या म्हाताऱ्यावर याहून जास्त खर्च करायचा नाही, असं मी ठरवलंय. बायकोचं मत वेगळं आहे.

राहिल्या दोन जुन्या पट्ट्या. एक ई-कचऱ्यासाठी बाजूला ठेवली. दुसरीला नातीनं भोक पाडलं, आणि आमच्या घराची किल्ली आता दोन जीबीच्या पट्टीला लटकते. सदऱ्याच्या खिशात ती मावत नाही.

नमस्कार.