बाळ कुडकुडत नाही, तरी गरम कसं राहतं?

नुकतंच जन्मलेलं बाळ बघा. अंग ओलंचिंब, नऊ महिने आईच्या पोटात 37 डिग्रीच्या उबेत काढलेले आणि आता एकदम बाहेरची गार हवा. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो, दात वाजतात, स्नायूंच्या त्या थरथरण्यातूनच अंगात गरमी येते, पण बाळाला ते नीट जमतच नाही.

त्याची सोय पाठीत केलेली असते. खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे, मानेभोवती, किडनीजवळ एक वेगळीच चरबी असते, ब्राऊन फॅट. तिच्या पेशींमधे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला एनर्जी पुरवणारे छोटे कारखाने, खच्चून भरलेले असतात आणि त्यातल्या लोहामुळे ती तपकिरी दिसते.

कातडीला गारठा लागला की मेंदूकडून नसांमार्फत निरोप येतो, नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं, चरबीचे थेंब फुटतात आणि जळायला लागतात. आता इथली गंमत नीट ऐका. एरवी ही एनर्जी पेशीच्या कामासाठी साठवली जाते, धरणाचं पाणी टर्बाईनमधून सोडून वीज करतात ना, तसंच काहीसं. ब्राऊन फॅटमधे मात्र यूसीपी1 नावाचं प्रोटीन आहे, ते बाजूचा दरवाजा उघडतं, टर्बाईन फिरतच नाही आणि सगळी एनर्जी सरळ उष्णता होऊन रक्तात मिसळते, तेच गरम रक्त अंगभर फिरतं.

मोठ्या माणसांत ही चरबी जवळपास उरत नाही असं खूप वर्षं मानायचे, 2009 मधे पेट (PET) स्कॅनवरून, म्हणजे शरीरात कुठे जास्त एनर्जी खर्च होते ते दाखवणाऱ्या तपासणीवरून, पक्कं झालं की थंडीत ती आपल्यातही काम करते.

पण खरी काळजी लवकर जन्मलेल्या बाळांची. ही चरबी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत साठते, त्यांच्याकडे ती थोडीच असते, आणि ती जाळायला ऑक्सिजन लागतो, साखरही खर्च होते, म्हणजे गारठलेलं बाळ आतून भराभर थकत जातं. म्हणून कळकळीने सांगते, जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची घाई करू नका, निदान 24 तास थांबा. अंग कोरडं पुसा. आजी टोपडं घाल म्हणते ते अगदी बरोबर आहे, बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, तिथून ऊब फार जाते. आणि बाळाला उघड्या छातीशी धरून वरून दुपटं पांघरायचं, कांगारू केअर म्हणतात ती हीच. आईच्या अंगाची ऊब मिळाली की त्या इवल्याशा जिवाची चरबी वाचते, आणि पोटात गेलेलं दूध वजन वाढवायच्या कामी येतं.